‘माझं’ म्हणजे नेमकं कोणाचं?

आठ मार्चच्या पोस्टरवरून यंदा आमच्या गटात चांगलंच वाजलं. कॉलेजातल्या मुलींनी मजकूर करून आणला होता : ‘माझं शरीर, माझी मालमत्ता!’ चित्रही छान होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवलेली, पदर खोचलेली बाई. आम्ही जुन्या बायका त्या किल्ल्यांवरच खूश झालो. बैठकीला दरवर्षी ऊसतोडीला जाणारी एक मैत्रीण आली होती. ती बराच वेळ पोस्टरकडे बघत गप्प बसली, आणि मग म्हणाली, “मालमत्ता नका म्हणू ताई. मालमत्ता गहाण पडते.”

मुली चिडल्या. त्यांचं म्हणणं असं, की ‘मालकी’ हा शब्द आजवर बापाने वापरला, नवऱ्याने वापरला. आता तो आम्ही वापरला तर बिघडलं कुठे? माझ्या शरीराचा मालक दुसरा कोणी नाही, एवढंच तर सांगायचं आहे. त्यांचंही खोटं नव्हतं. ज्या भाषेत नवऱ्याला सर्रास ‘आमचे मालक’ म्हणतात, मुलीला ‘परक्याचं धन’ म्हणतात आणि लग्नात तिचं दान करतात, त्या भाषेत एखाद्या मुलीला ‘मालकीण मीच’ असं ओरडून सांगावंसं वाटलं तर त्यात नवल काय? बैठक त्या दिवशी चहावरच संपली. पोस्टर गुंडाळून कपाटावर ठेवलं गेलं. मी घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. हे वाक्य मूळ कुठलं ते मला माहीत होतं, पण ते ज्याने पहिल्यांदा ठामपणे मांडलं त्याने त्यात बायकांना कुठे बसवलं होतं, ते पुन्हा एकदा तपासून बघायचं होतं.

जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ. राज्यसत्तेवरचे त्याचे दोन प्रबंध 1689 साली निघाले, म्हणजे इकडे संभाजीमहाराजांची हत्या झाली त्या साली. पुस्तकावर त्याने स्वतःचं नाव घातलं नव्हतं. राजाच्या दैवी अधिकाराविरुद्ध लिहिणं त्या काळात जिवावर बेतू शकत होतं. त्याची मांडणी थोडक्यात अशी : माणसं निसर्गतः स्वतंत्र आणि समान असतात. राजा, सरकार, कायदा हे सगळं नंतर येतं, हक्क त्याच्या आधीचे असतात. जमीन, पाणी, फळफळावळ देवाने सगळ्यांना मिळून दिली. मग त्यातलं काही एकट्याचं कसं होतं? तर प्रत्येकाची स्वतःच्या देहावर मालकी असते. देह माझा म्हणून देहाचे श्रम माझे, आणि ज्या वस्तूत मी माझे श्रम मिसळले ती वस्तूही माझी. रानातलं सफरचंद तोडलं की ते तोडणाऱ्याचं. इतरांसाठी पुरेसं उरलं पाहिजे आणि घेतलेलं वाया जाऊ देता कामा नये, अशा अटीही तो घालतो.

हे वाचताना आजही उभारी येते. वतनाने, वारशाने, राजाच्या मर्जीने मिळालेली मालकी एकीकडे आणि घामाने मिळालेली दुसरीकडे, अशी उभी रेघ मारणारा हा विचार आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही आपल्याकडची घोषणा याच घराण्यातली. (लॉकसाहेबांना ती कितपत रुचली असती हा भाग वेगळा!)

पण श्रम मिसळण्याची ही गोष्ट सांगितल्यावर पुढच्याच परिच्छेदात तो जे उदाहरण देतो तिथे माझं बोट अडतं. तो सांगतो की घोडा गवत खातो, गडी जळणासाठी माती-गवताची ढेपळं कापतो आणि मालक स्वतः खनिज खणून काढतो, या तिन्हींचं फळ मालकाचंच. घोड्याचं समजू शकते. पण गडी? गड्याचा देह गड्याचा, मग गड्याचे श्रमही गड्याचेच ना? मग ढेपळं मालकाची कशी झाली? लॉक तिथे थांबून याचं उत्तर देत नाही. त्याच्या मांडणीतून ते आपण काढायचं : गड्याने मजुरी घेऊन श्रम विकले, आणि विकलेले श्रम घेणाऱ्याच्या नावावर लागले. म्हणजे ‘माझे श्रम’ या शब्दांत दुसऱ्याचे श्रम पहिल्याच फटक्यात येऊन बसले.

आणि त्या यादीत बायको तर नाहीच. घोडा आहे, गडी आहे, बायको नाही. ती दूध काढत होती, लोणी-चीज करत होती, सूत कातत होती, पोरं वाढवत होती. तिने श्रम मिसळले नाहीत अशी त्या घरात एक वस्तू नसेल. पण गड्याला निदान मजुरी ठरलेली होती. बायकोने आपले श्रम कधी विकले, कोणत्या दराने, हे विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

लॉकवर अन्याय नको करायला. राजा म्हणजे प्रजेचा बाप आणि बापाची सत्ता देवानेच दिलेली, असं म्हणणाऱ्या रॉबर्ट फिल्मरला उत्तर देताना त्याने बजावलं होतं की बायबलातली आज्ञा आई आणि बाप दोघांचा मान ठेवायला सांगते, एकट्या बापाचा नाही. लग्न हा करार आहे, मुलं वाढवून झाल्यावर तो सुटू शकतो, बायकोची स्वतःची मालमत्ता असू शकते, इथपर्यंत तो गेला. त्या काळी हे धाडसाचंच होतं. पण नवरा-बायकोचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नावर आला तेव्हा पुरुष अधिक समर्थ आणि बलवान म्हणून शब्द त्याचा, असं सांगून तो मोकळा झाला. निसर्गाने दिलेली समानता घराच्या उंबऱ्यापाशी निसर्गाच्याच नावाने परत घेतली गेली. त्याच्याच काळातल्या मेरी ॲस्टेल या बाईने हे हेरलं होतं. 1700 साली तिने लग्नावर पुस्तक लिहिलं आणि 1706 च्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडली. तिचा प्रश्न थोडक्यात हाच होता, की स्वातंत्र्य जन्मजात असेल तर ते पुरुषांपाशीच येऊन का थांबतं? ही बाई राजाच्या बाजूची होती, पुरोगाम्यांच्या नव्हे. तरी दुखरी नस तिलाच सापडली.

त्या वेळचा इंग्लंडचा कायदा तर आणखी सरळ होता. लग्न झालं की बायको कायद्याने नवऱ्यात विरघळून जायची. तिची कमाई त्याची, तिच्या जंगम वस्तू त्याच्या. मॅथ्यू हेल नावाचे सरन्यायाधीश लिहून गेले की लग्नाच्या कराराने बायकोने स्वतःला नवऱ्याच्या हवाली केलेलं असतं आणि ते तिला परत घेता येत नाही, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकत नाही. (याच हेलसाहेबांनी 1662 साली दोन बायकांना चेटूक केल्याबद्दल फाशी सुनावली होती.) त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1736 साली छापलं गेलं. इंग्लंडने तो नियम 1991 साली मोडीत काढला. आपल्याकडे 2023 च्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील बायकोच्या बाबतीत नवऱ्याला दिलेली सूट जशीच्या तशी उतरली आहे. पोस्टर करणाऱ्या मुलींचा संताप कुठून येतो ते इथे कळतं.

लॉककडे परत येते, कारण एक गोष्ट राहिली. कॅरोलिना ही अमेरिकेतली वसाहत ज्या उमरावांच्या मालकीची होती त्यांचा तो सचिव होता. 1669 साली त्या वसाहतीसाठी जी घटना लिहिली गेली तिच्यात गोऱ्या मालकाला काळ्या गुलामांवर पूर्ण सत्ता दिलेली होती, आणि त्या मसुद्यात लॉकचा हात होता. गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत त्याचे पैसेही गुंतलेले होते. जो स्वतःच्या देहाचा मालक प्रत्येकाला ठरवतो, त्याचाच हा व्यवहार. शिवाय अमेरिकेतली जमीन तो पडीक धरतो. तिथले मूळ रहिवासी शिकार करतात, कंदमुळं गोळा करतात, म्हणून जो नांगरेल त्याची ती होईल असा त्याचा हिशेब. आता गंमत बघा. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या चेरोकी, इरोक्वॉय अशा कितीतरी जमातींत मका, घेवडा, भोपळा यांची शेती होत होती आणि ती मुख्यतः बायका करत होत्या. पुरुष शिकारीला जात. इंग्रजांना पुरुष शेतात दिसले नाहीत, नांगर दिसला नाही, कुंपण दिसलं नाही, म्हणून ती शेतीच नाही असं ठरलं. बायकांचे श्रम ‘श्रम’ म्हणून मोजले नाहीत आणि त्यापायी अख्ख्या लोकांची जमीन गेली.

नांगराचं नाव निघालं की आपल्या गावांत यावंच लागतं. पेरणी, लावणी, खुरपणी, निंदणी, काढणी, मळणी ही सगळी बाईची, पण अनेक ठिकाणी बाईने नांगराला हात लावायचा नाही. आणि ‘कसणारा’ तर नांगरधारीच. 1948 चा कूळकायदा आपल्या चळवळींचं मोठं यश. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनापासून हजारो कुळं जमिनीची मालक झाली. पण त्या कायद्यात ‘स्वतः कसणे’ म्हणजे काय याची व्याख्या आहे, ती एकदा शांतपणे वाचावी. स्वतःच्या श्रमाने कसली तर ती स्वतः कसलेली. कुटुंबातल्या कोणाही व्यक्तीच्या श्रमाने कसली तरी स्वतः कसलेली. आपल्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या देखरेखीखाली मजूर लावून कसून घेतली, तरीही स्वतःच कसलेली! लॉकचा गडी आणि लॉकच्या यादीत नसलेली बायको, दोघंही इथे एका व्याख्येत सापडतात. पुढे खाली खुलासा आहे : विधवा, अज्ञान मूल, शरीराने वा मनाने अपंग व्यक्ती आणि सैन्यात असलेला माणूस यांनी गडी लावून कसून घेतली तरी चालेल. नवऱ्याच्या हयातीत दिवसभर वाफ्यात वाकलेली बाई कायद्याला दिसत नाही. नवरा गेला की ती दिसते, तीही जी स्वतः कसू शकत नाही अशांच्या रांगेत.

हे मुद्दाम कुणी कट करून केलं असं मला म्हणायचं नाही. कायदा करणाऱ्यांना जमीनदाराच्या तावडीतून कूळ सोडवायचं होतं, आणि त्यांनी ते केलं. कूळ म्हणजे कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे त्याचा कर्ता, हे त्यांनी गृहीत धरलं एवढंच. पण त्या ‘एवढंच’चं फळ असं, की 2015-16 च्या शेती जनगणनेत देशातल्या दर शंभर वहिवाटींपैकी जेमतेम 14 बायकांच्या नावे निघाल्या.

म्हणून ‘श्रमातून मालकी’ हा विचार टाकून द्या असं मी म्हणत नाही. उलट तो बायकांनी शेवटपर्यंत ताणून धरायला हवा. 2023 च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की नवऱ्याच्या नावाने घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोच्या श्रमांचा वाटा आहे, म्हणून तिला निम्मा हिस्सा. तो कमवत होता कारण ती घर ओढत होती. लॉकचंच सूत्र, फक्त यादीत बायको घातलेली. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार केला नसेल तर, लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामायिक होते. तिथेही पुरुषांच्या हातून ती सुटते असं नाही, पण कागद तरी आहे. महाराष्ट्रात नवरा जिवंत असताना घर, शेत, दुकान यांत बायकोचा स्वतःचा असा हिस्सा सांगणारा सरळ कायदा नाही. मुलगी म्हणून 1994 च्या राज्याच्या दुरुस्तीने आणि 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने हक्क मिळाला, विधवा म्हणून 1956 पासून पूर्ण मालकी मिळाली. राबणारी बाई म्हणून मात्र काही नाही.

शेतकरी संघटनेने 1989 च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला. त्यात कितीतरी गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. आपल्यातल्या अनेकींनी तेव्हा नाकं मुरडली होती. मी त्यातलीच एक. आज वाटतं की सातबारावर नाव चढणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि घरची लक्ष्मी म्हणून तिच्या ऋणातून मुक्त व्हायचं, या भाषेत तिच्या श्रमांची निदान आठवण होती. तरी खटकायचं ते खटकतंच. जे तिचं होतं ते तिला ओवाळणीसारखं मिळालं.

आता मालकीची दुसरी बाजू. मालक होणं म्हणजे नुसतं बाळगणं नव्हे. जे माझं ते मी विकू शकते, गहाण टाकू शकते, सोडून देऊ शकते. हे आपल्याला तत्त्वज्ञानातून शिकायला नको, हक्कसोडपत्रातून आपण ते शिकलोच आहोत. बहिणीला कायद्याने हिस्सा मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून तो ‘राजीखुशीने’ सोडायचा कागद तिच्यापुढे आला. भाऊ माहेरपण करतो, साडी-चोळी करतो, आणि तलाठ्याकडे जाताना गाडी करून नेतो. सही तिचीच, जबरदस्ती कुणाची नाही. न सोडण्याची किंमत तिला परवडत नाही, एवढी एक गोष्ट कागदावर येत नाही.

जमिनीच्या बाबतीत हे सोसावं लागलं तर लागलं. जमीन गेली तरी बाई उरते. शरीराला हाच नियम लावला तर?

रखमाबाईंचा खटला आपल्याला माहीत आहे, पण तो या बाजूने वाचून बघा. 1884 साली दादाजी भिकाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला की बायको नांदायला येत नाही, तिला माझ्या ताब्यात द्या. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, एक दिवसही नांदलेली नव्हती. तिच्या नावे वडिलांकडून आलेली मालमत्ता होती, आणि खरा डोळा त्या मालमत्तेवर आहे असं तिच्या बाजूचं म्हणणं. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. बाईच्या इच्छेविरुद्ध तिला असं हवाली करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. अपिलात निकाल फिरला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन.

यातली विसंगती लक्षात घ्या. तेव्हाच्या इंग्रज बायकोची मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याची होत आलेली, 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी ती कुठे तिच्या हाती येऊ लागली होती. हिंदू बाईला स्त्रीधन फार आधीपासून होतं. रखमाबाई मालमत्तेच्या मालकीण होत्याच. पण त्यांच्या स्वतःवर त्यांची सत्ता नव्हती. नांदायला लावण्याचा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयातून इकडे आलेला. खुद्द इंग्लंडने अशा बायकोला तुरुंगात टाकणं 1884 साली बंद केलं होतं, ज्या साली मुंबईत हा दावा लागला त्याच साली! आणि इथले संस्कृतिरक्षक, टिळकांचा ‘केसरी’ धरून, त्या विलायती हत्याराच्या बाजूने उभे राहिले. शेवटी 1888 साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या, पुढे सुरत-राजकोटला आयुष्यभर काम केलं. पण आकडा डोक्यातून जात नाही. दोन हजार रुपये. तिने स्वतःची सुटका विकत घेतली. देह ही मालमत्ता असते असं मानलं तर यात चूक काहीच नाही. दावा सांगणाऱ्याला त्याची किंमत मिळाली, व्यवहार पूर्ण झाला.

तो दावा अजून मेलेला नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 तेच आहे. 1983 साली आंध्र उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चौधरींनी टी. सरिता यांच्या खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं, 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते पुन्हा उचलून धरलं. तुरुंगाची शिक्षा 1923 साली गेली. हुकूम मोडला तर आता मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. शरीर देत नाहीस, तर वस्तू दे.

पुन्हा ऊसतोडीकडे येते, कारण पोस्टरवरचं ते वाक्य माझ्या डोक्यातून काढलं ते आमच्या मैत्रिणीने. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेबात नग एक. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती बहुतेक नवऱ्याच्या हातात, नवऱ्याच्या नावावर. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते, शिवाय पहाटेचा स्वयंपाक, पाणी, पोरं. एकाने खाडा केला की कोयत्याचा पैसा कापला जातो. लॉकच्या गड्याने निदान स्वतःचे श्रम स्वतः विकले होते. हिचे श्रम हिच्या वतीने दुसराच गहाण टाकून येतो, आणि ती न विचारता त्या कर्जात असते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं वर्तमानपत्रांत आलं, सरकारने समिती नेमली, आणि अशा बायका हजारोंनी असल्याचं दिसलं. पंचविशी-तिशीतल्या बायका. पाळीत खाडा पडतो, अंगावर जातं, दवाखान्याला वेळ आणि पैसा नाही, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. “पिशवी काढून टाकली” असं त्या सहज सांगतात, जसं घरातलं काही मोडून टाकलं. संमतीच्या कागदावर अंगठा त्यांचाच.

‘माझं शरीर, माझी मालमत्ता’ या घोषणेपाशी या बाईसाठी काय उत्तर आहे? मालकिणीने आपल्या मालमत्तेतला एक भाग आपल्या मर्जीने काढून टाकला. झालं. कॅरोल पेटमन या अभ्यासक बाईने 1988 साली ‘द सेक्शुअल कॉन्ट्रॅक्ट’ या पुस्तकात हीच गोष्ट सांगितली : देह आणि श्रम ही माणसापासून सुटी करता येणारी मालमत्ता आहे असं एकदा धरलं, की माणूस स्वतःला करारानेच दुसऱ्याच्या हुकमाखाली नेऊन बसवू शकतो, आणि त्याला स्वातंत्र्य म्हणता येतं. तिचं सगळं मला पटत नाही. तिच्या हिशेबाने कराराची भाषाच सोडून द्यावी लागेल, आणि कंत्राटाचा कागदच नसलेल्या मोलकरणींत काम करणारीला ते परवडणारं नाही. पण मुद्दा खरा आहे. (दुसरी एक अभ्यासक सुझन ओकिन. स्वतःच्या देहावरच्या मालकीचा आपल्या काळातला मोठा वकील रॉबर्ट नोझिक, त्याला तिने 1989 साली वेगळ्याच पेचात पकडलं. श्रमाने घडवलेलं घडवणाऱ्याचं, तर बाईने नऊ महिने पोटात घडवलेलं मूल बाईच्या मालकीचं, आणि मग प्रत्येक माणूस आपल्या आईची मालमत्ता! स्वतःचा मालक कोणीच उरत नाही. बाळंतपणाचा विचार न करता सिद्धान्त रचला की असं होतं.)

मुली म्हणतील, मग ‘नाही’ म्हणायचं ते कशाच्या जोरावर? हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेतल्या गुलामांना ‘मी माझा आहे’ हे वाक्य जगायला पुरलं होतं, त्याला पुस्तकी उत्तर देऊन चालणार नाही. मला इथे फुले आठवतात. ‘गुलामगिरी’ 1873 साली त्यांनी अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली होती. तरुणपणी टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचून ते पेटले होते. म्हणजे निसर्गदत्त हक्कांची ही परंपरा त्यांच्यापर्यंत थेट पोचली. पण 1891 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात तिचं रूप बदललेलं दिसतं. ‘माणूस’ म्हटलं की त्यात बाई आली, असं ते धरून चालत नाहीत. ‘स्त्री अथवा पुरुष’ असं पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता लिहितात. एकाच घरात आईने एक धर्म मानावा, बापाने दुसरा, मुलीने तिसरा, मुलाने चौथा आणि सर्वांनी मिळून राहावं, इथपर्यंत जातात. लॉकने घराच्या दारात सोडलेली समानता हे थेट चुलीपर्यंत नेतात. आणि हक्काचा पाया देहाच्या मालकीवर घालत नाहीत. सगळ्यांना निर्मिकाने स्वतंत्र निर्माण केलं, म्हणून कोणी कोणाचा धनी नाही. निर्मिक मानायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी मानत नाही. पण ‘माझा धनी मी’ आणि ‘माझा धनी कोणीच नाही’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते मोठं आहे. पहिल्यात धनीपण शिल्लक राहतं, आणि शिल्लक राहिलेलं धनीपण हातोहात जातं. दुसऱ्यात देण्यासारखं काही नाहीच. रखमाबाई दोन हजारांना सुटल्या, पण खरं तर त्यांच्याकडून दावा सोडवून घ्यायला कुणाकडे काही असायलाच नको होतं.

माझं म्हणणं मी पुढच्या बैठकीत मांडलं, तेव्हा मुलींनी एक गोष्ट कबूल केली आणि एक केली नाही. ‘मालमत्ता’ शब्द त्यांनी खोडला. किल्ल्या मात्र ठेवल्या, आणि मला विचारलं की शरीर मालमत्ता नाही तर भाड्याच्या गर्भाशयाचं काय, 2021 च्या कायद्याने पैसे घेऊन सरोगसी बंद झाली ती बरी झाली की ज्या बायकांचं त्यावर घर चालत होतं त्यांच्या पोटावर पाय आला? त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. कुणाकडे असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं.

ऊसतोडीवाली मैत्रीण त्या बैठकीला नव्हती, हंगाम सुरू झाला होता. जाण्याआधी तिने एक काम सांगून ठेवलं आहे. पुढच्या दसऱ्याच्या आत, उचली वाटल्या जायच्या आधी, आपण चार-पाच गावांत मुकादमांना गाठायचं आणि वहीत कोयत्याऐवजी दोन नावं, दोन हिशेब लिहून मागायचे. उचल तिच्या नावाची असेल तर ती तिच्या हातात द्यायची, नसेल तर तिच्या डोक्यावर कर्ज नाही असं लिहून घ्यायचं. वहीचा नमुना आम्ही तयार करतो आहोत. ज्यांना आपल्या भागात करून बघायचा असेल त्यांनी गटाकडे कळवावं.